घर नंबर तीन आठवड्याच्या भाड्याने मिळणार नाही

मी, नेस्टा पॅरी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार घर नंबर तीन, बंदरओळ, पोर्थ गेलिन, उत्तर वेल्स, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय करायचे ते या कागदावर लिहून ठेवीत आहे. मी शुद्धीवर आहे. चष्मा डोळ्यांवर आहे, मागे कोणी उभे नाही, कोणाचे दडपण नाही. राग आहे. रागात केलेले मृत्युपत्र कायद्याने चालते का, असे मी वकीलबाई मिस हेलेद बोवेन यांना विचारले. त्या म्हणाल्या, "चालतं. पण कारणं लिहू नका, मिसेस पॅरी. कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहा."

मी म्हटले, "कारणं नाही लिहिली तर माझा भाचा कोर्टात म्हणेल, म्हातारीला भ्रम झाला होता."

त्यांनी पेन खाली ठेवले. "मग लिहा," म्हणाल्या.

कलम १. यापूर्वी मी एकच मृत्युपत्र केले होते, नवरा ग्लिन वारला त्या वर्षी. त्यात माझा थोरला भाऊ इदवल यास व्यवस्थापक नेमले होते. ते मृत्युपत्र रद्द. मी ते स्वतः चुलीत घातले आहे, तरी कायद्यासाठी पुन्हा सांगते, रद्द.

कलम २. माझ्या मृत्युपत्राचे काम माझी मुलगी लाउरी व मिस बोवेन या दोघींनी मिळून पाहावे. दोघींचे पटले नाही तर लाउरीचे ऐकावे.

कलम ३. इदवल यास काय द्यायचे ते.

आमचा बाप डोंगराच्या खाणीत दगड फोडीत असे. खाडीच्या वरच्या अंगाला त्याने घर बांधले, ग्राइग वेन. मी तिथे जन्मले, मागच्या खोलीत, जिच्या खिडकीतून डोंगर दिसतो, समुद्र दिसत नाही. बापाने घर मुलाच्या नावावर केले, तेव्हाची रीतच ती होती, माझी तक्रार नव्हती. पण आई शेवटच्या दुखण्यात असताना इदवल तिच्या उशाशी बसून म्हणाला होता, "ग्राइग वेन आपल्या लाउरीला देऊ, आई. तिचं लग्न ठरतंय. माझा बंगला आहे शहरात." मी त्या वेळी आईचे पाय चोळीत होते. मी ते ऐकले. आईनेही ऐकले व डोळे मिटले.

दोन वर्षांत त्याने ते घर विकले. मी बसने शहरात गेले व त्याच्या दारात उभी राहिले.

"आईला काय म्हणाला होतास, इदवल?"

"आई गेली, नेस्. आता व्यवहार बघायचा. इंग्लंडचं, चेशायरचं एक जोडपं फारच चांगली किंमत बोललं."

"आणि लाउरी?"

"लाउरी तरुण आहे. तिला कुठंही मिळेल."

त्यानंतर आम्ही बोललो नाही. पंचवीस वर्षे झाली. रस्त्यात दिसला तर मी दुकानाच्या काचेत बघते.

चेशायरच्या जोडप्याने दारावरची ग्राइग वेनची पाटी काढून 'सीगल्स रेस्ट' अशी लावली व घर आठवड्याच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. झाडलोट करायला बाई हवी होती. पाहुण्यांची घरे झाडणे हाच माझा धंदा, म्हणून त्यांनी मला विचारले. मी हो म्हटले. गावात याचे पुष्कळांना नवल वाटले, लाउरीला तर संताप आला. मी हो म्हटले, कारण आईच्या फरशीवर दुसऱ्या कोणाचे फडके फिरलेले मला चालणार नव्हते. बावीस वर्षे मी त्या घरात दर शनिवारी चादरी बदलल्या. ज्या खोलीत जन्मले तिथल्या गादीवरचे परक्यांचे केस वेचले.

त्या घरात पाहुण्यांनी अभिप्राय लिहिण्याची एक वही असते. 'अस्सल जुन्या काळचे घर', 'गावात किती शांतता', असले त्यात लिहिलेले असते. शांतता असणारच, माणसे गेली. एका शनिवारी, मधल्या रिकाम्या वेळात, मी त्या वहीत लिहिले: "या घराच्या मागच्या खोलीत माझा जन्म झाला. अंथरूण मीच घातले आहे. नीट झोपा. नेस्टा, ग्राइग वेन." पुढच्या आठवड्यात मालकीणबाई आली, तिने ते पान फाडले व चुरगाळून टोपलीत टाकले. कचरा बाहेर नेणारी बाईही मीच, हे तिच्या ध्यानात आले नाही.

ते पान इस्त्री करून मी जपून ठेवले आहे. ते माझा भाऊ इदवल यास द्यावे. टपालाने नको, कोणीतरी हातात द्यावे. बाकी त्याला काही नाही.

कलम ४. माझी मुलगी लाउरी हिच्याविषयी.

ग्राइग वेन गेले तेव्हा लाउरी व तिचा नवरा कार्विन यांचे नवे लग्न होते. ती परिचारिका, तो होड्यांची इंजिने दुरुस्त करायचा. दोघांनाही इथेच काम होते. नव्हते ते छप्पर. माझ्या घरी माडीवर दोनच खोल्या. एकीत सासू अंथरुणाला खिळलेली, दुसरीत मी. एका शेतकऱ्याच्या वावरात, चाकावरच्या पत्र्याच्या घरात ती दोघे राहिली. उन्हाळ्यात पाहुणे अशा घरात आठवडाभर राहून खूश होऊन जातात. लाउरीने तिथे दोन हिवाळे काढले. भिंतींना आतून पाणी सुटायचे. तिची पहिली मुलगी तिथेच झाली व सात महिन्यांची असताना छातीने घुरघुरू लागली. या काळात त्यांनी गावातली नऊ घरे पाहिली. नऊच्या नऊ घरे अशा लोकांनी घेतली ज्यांना दुसरे घर होतेच.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी ती लिव्हरपूलला गेली. निघताना मला म्हणाली, "आई, मी गाव सोडत नाहीये. गावाने मला सोडलंय." मी तिला काही बोलले नाही. मनुकांचा पाव कागदात बांधून दिला. तेव्हा बोलायला हवे होते. इदवलच्या दारात मी एकदाच गेले. शंभर वेळा जायला हवे होते, त्याच्या बायकोसमोर, त्याच्या शेजाऱ्यांसमोर ओरडायला हवे होते. मला मानाची पडली होती. तो मान घेऊन मी काय केले? लोकांचे संडास धुतले.

माझी नात आज तेवीस वर्षांची आहे. ती माझ्याशी आमच्या वेल्शमध्ये नाही, इंग्रजीत बोलते, हळू व गोड, जशी पाहुणी बोलते.

लाउरीस पोस्टातील सर्व शिल्लक, आईच्या लग्नातली लाल-काळी लोकरी पासोडी, कपाटातील सगळी निळी भांडी, व ग्लिनचे घड्याळ द्यावे. घर तिला दिलेले नाही. त्याचे कारण कलम सहात आहे, आणि ते तिला ठाऊक आहे.

कलम ५. माझा भाचा गेथिन, इदवलचा मुलगा, यास काहीही देऊ नये. इथे मला जरा लांब लिहावे लागेल.

गेथिनला पोहायला मी शिकवले. पोरगा म्हणून तो वाईट नव्हता. शिकून आला व त्याने सुट्टीची घरे भाड्याने लावून देण्याचे कार्यालय काढले. माझ्याकडची घरे होता होता सगळी त्याच्या हाताखाली आली. एकोणीस घरांच्या किल्ल्या माझ्या कमरेला असायच्या. शनिवारी सकाळी दहाला जुने पाहुणे निघायचे, दुपारी चारला नवे यायचे. मधल्या सहा तासांत मी व माझ्या जोडीची दनुता व्हिल्क अशा दोघी गावभर पळायचो.

हिवाळ्यात घरे रिकामी असतात. तेव्हा दर बुधवारी प्रत्येक घरात जाऊन दिवा लावायचा, पाइप गोठला नाही ना पाहायचे, खिडक्या उघडायच्या, असे माझे काम होते. गेथिनने ते बंद केले. घराघरात एक यंत्र बसवले. घरात थंडी किती ते त्याला फोनवर कळे.

"आत्या, आता तुला पावसात फिरायला नको," म्हणाला.

मी म्हटले, "मला फिरायचं असतं."

"अगं, पण गरजच नाही ना."

आमच्या बंदरओळीत सात घरे. तीन नंबरात मी. पाच नंबरात एम्रिस लॉइड, वय चौऱ्याऐंशी, जन्मभर समुद्रात शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, पकडणारा, पत्त्यांत लबाडी करणारा, एकटा. बाकीची पाच घरे पाहुण्यांची. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका मंगळवारी एम्रिस आपल्या स्वयंपाकघरात पडला. खुब्याचे हाड मोडले. फोन दुसऱ्या खोलीत. काठी हाताशी होती. त्या काठीने तो सहा नंबरच्या भिंतीवर ठोकीत राहिला. सहा नंबर ऑक्टोबरपासून बंद होते. त्या दोन दिवसांत मी तापाने फणफणून अंथरुणात होते, आणि माझ्या व त्याच्यामध्ये चार नंबर होते, तेही रिकामे.

गुरुवारी सकाळी उठून बाहेर आले तर त्याच्या पायरीवर दुधाच्या तीन बाटल्या. दार मी खांद्याने ढकलले.

इस्पितळात तो आणखी अकरा दिवस जगला. मी रोज जात असे. एकदा म्हणाला, "नेस्टा, बुधवारी मला वाटलं पलीकडून कोणीतरी उलट ठोकतंय. मी खूश झालो. मग कळलं, माझाच आवाज रिकाम्या घरात फिरून येतोय."

बुधवारी. ज्या बुधवारी मी सहा नंबरात असायची तो वार. ताप असला तरी मी दनुताला पाठवले असते. गेथिनच्या यंत्राने त्या दिवशी सहा नंबरात अकरा अंश आहेत, सगळे ठीक आहे, असे सांगितले होते. हे मला त्यानेच पुढे सांगितले, न विचारता.

एम्रिसला माती देऊन आठ दिवस झाले आणि गेथिनचा फोन आला. "आत्या, सहा नंबरच्या स्वयंपाकघरात भिंतीचा गिलावा पडलाय. खळगे पडलेत बघ. ईस्टरच्या आधी कोणाला तरी सांगून बुजवून घेतेस का?"

मी विचारले, "कुठल्या बाजूच्या भिंतीचा?"

"पाच नंबरच्या."

"कशाने पडला असेल, गेथिन?"

तो मग म्हणाला, "हे बघ, त्याला कोणी काय करणार होतं?"

मी कोट घातला, एकोणीस किल्ल्या घेतल्या व भर दुपारी त्याच्या कार्यालयात गेले. समोर दोन गिऱ्हाइके बसली होती, बाई व बुवा, हातात डोंगराच्या फोटोंचे पुस्तक. मी एकेक किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली आणि आमच्या भाषेत, पण मोठ्याने, सांगत गेले. "ही बेट्टी शिंपिणीच्या घराची. ही पोस्टवाल्या जोन्सची. ही हारी एकडोळ्याची, याच घरात तीन पोरं वाढली. ही चॅपेलची, इथं तुझा बाप्तिस्मा झाला, आता तिथं पलंग आहे. ही ग्राइग वेन. ही तुझ्या आजीच्या घराची किल्ली आहे, नीट धर."

"आत्या, लोक बसलेत," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"बसू देत. त्यांना वाटतंय मी गावचं गाणं म्हणतेय."

शेवटची सहा नंबरची ठेवली. "याचा गिलावा तू स्वतः जाऊन बघ. हात लावून बघ."

तेव्हा तोही उसळला. "आणि मी नसतो तर? या गावात दुसरं काम कुठलं राहिलंय, सांग ना! खाण बंद, मासे नाहीत. तुला चाळीस वर्षं पोसलं कोणी? या पाहुण्यांनीच ना?"

हे खरे आहे. मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणून नोंदवते, गेथिन म्हणाला ते खरे आहे. एकेचाळीस वर्षे मी याच धंद्यावर जगले. स्वतःच्या गावाची मीच झाडून पुसून पाहुण्यांसाठी वाट केली. माझा अर्धा राग त्याच्यावर आहे. उरलेला कोणावर आहे ते मला माहीत आहे, पण तिला या कलमात वारसा नाकारता येत नाही.

तरीही त्याला काही न देण्याचे शेवटचे कारण सांगते. मागच्या उन्हाळ्यात तो माझी समजूत काढायला आला. मी चहा टाकला. चहा उकळेपर्यंत तो मागच्या अंगणात गेला. खिडकीतून पाहिले तर माप घेण्याची फीत लांबवून उभा.

"काय मोजतोयस?"

"सहज गं. इथं गरम पाण्याचा टब बसेल का बघत होतो. पुढेमागे. डोंगर समोर दिसतो ना."

"गेथिन, मी अजून खुर्चीत बसलेली आहे."

चहा मी मोरीत ओतला.

कलम ६. माझे राहते घर, नंबर तीन, बंदरओळ, मागील अंगणासह, मी दनुता व्हिल्क हिला देत आहे.

दनुता पोलंडची. पंधरा वर्षे माझ्या जोडीने खपली. अजून मला मिसेस पॅरी म्हणते. आमची भाषा ती शाळेच्या फाटकाशी उभी राहून इतर आयांकडून शिकली. तिच्या मुली हान्या व झोस्या तर त्याच भाषेत भांडतात. तळलेल्या माशांच्या दुकानावरची खोली तिला भाड्याने मिळते, पण फक्त ऑक्टोबर ते मार्च. ईस्टर आला की मालक म्हणतो, पाहुणे यायचेत. मग ती दोन मुली व सहा पिशव्या घेऊन उन्हाळाभर कुठे मैत्रिणीकडे, कुठे शेतावर. जिने गावातल्या प्रत्येक गादीवर चादर घातली तिला सहा महिने स्वतःची गादी नाही.

हे मी लाउरीला ऑक्टोबरात समोर बसवून सांगितले. ती पेला पुसत होती.

"म्हणजे परक्या बाईला घर. आणि मला काय, इस्त्री?"

"तू राहायला येणार आहेस का?"

तिने बराच वेळ तो एकच पेला पुसला. "आता नाही, आई. माझं सगळं तिकडं आहे. तेव्हा आले असते. धावत आले असते."

"माहीत आहे."

"मला मिळालं तर मला विकावं लागेल. आणि विकलं तर..." तिने पेला ठेवला. "तिलाच दे. पण मला आधी विचारायला हवं होतंस. तेव्हाही आणि आत्ताही. तू कधीच विचारत नाहीस, नुसती धुमसतेस."

मी म्हटले, "चुकलं माझं." हे शब्द मी तिला जन्मात पहिल्यांदा म्हटले. ती रडली, मग मलाच रागावली की चहा गार झाला.

घराच्या अटी अशा. दनुताने किंवा तिच्या मुलींनी तिथे स्वतः राहावे. घर आठवड्याने, दिवसाने, रात्रीने भाड्याला देऊ नये. दाराशेजारी आकडे फिरवून उघडायची ती किल्लीची पेटी बसवू नये. त्यांना जायचेच झाले तर घर पोर्थ गेलिन ग्राममंडळाकडे जावे, जे आमचे दुकान चालवते, आणि मंडळाने ते इथे बाराही महिने राहणाऱ्या कुटुंबाला द्यावे. मिस बोवेन म्हणतात, अशा अटी मोडता येतात. मोडणाऱ्याने मोडाव्यात. माझे नाव घेऊन मोडाव्यात.

कलम ७. इस्त्री, दोन बादल्या, शिडी व शिवणाचे यंत्र दनुताला. एम्रिसने मला दिलेला पत्त्यांचा जोड टेक्विन बसवाल्याला दिला आहे, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही म्हणून आधीच. त्यात एक एक्का जास्त आहे.

कलम ८. अंत्यविधी. चॅपेलमध्ये पाहुणे झोपत असल्यामुळे प्रार्थना गावच्या सभागृहात करावी. माझे दफन मात्र चॅपेलच्या मागे, ग्लिनशेजारी, कारण मुडद्यांची जागा अजून कोणी भाड्याने दिलेली नाही. दिवस शनिवार असावा. वेळ सकाळी दहा. शववाहिका खालच्या अरुंद रस्त्याने, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने न्यावी, व सभागृहापुढे रस्त्यातच उभी करावी. प्रार्थनागीतांची सगळी कडवी म्हणावीत, एकही गाळू नये. जाणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या मागे थांबतील, येणाऱ्या पुढे थांबतील. थांबू देत. गाडीतून उतरून कोणी आत आले तर त्याला बसायला जागा द्यावी व चहा द्यावा. इदवल आला तर तो पहिल्या ओळीत बसेल. मी त्याला क्षमा केलेली नाही. पण खालचा सूर त्याच्याइतका कोणाला लागत नाही.

कलम ९. ही पुरवणी. वरचा मजकूर मी मार्चच्या सुरुवातीला लिहून ठेवला होता. त्यानंतर ईस्टर आला व माशांच्या दुकानवाल्याने दनुताला पुन्हा खोली सोडायला सांगितली. मी मरेपर्यंत तिने कुठे थांबायचे? मी तिच्याकडे गेले व म्हटले, "पिशव्या उचल."

ती म्हणाली, "मिसेस पॅरी, हे बरं दिसणार नाही. लोक म्हणतील, म्हातारीला गुंडाळलं."

"लोक? कुठले लोक? ओळीत राहतं कोण?"

आता त्या तिघी माडीवरच्या दोन्ही खोल्यांत आहेत व मी खाली. म्हणून या कलमान्वये लिहिते की दनुता व तिच्या मुली आजपासूनच, माझ्या हयातीत, या घरात हक्काने राहात आहेत. कोणी पाहुणे म्हणू नये. धाकटी झोस्या जिन्यातले दिवे विझवीत नाही. थोरली हान्या सकाळी अर्धा तास न्हाणीघर अडवून बसते. काल मी जिन्याखाली उभी राहून तिच्या नावाने खच्चून ओरडले. या घरात मी कोणावर ओरडले त्याला तेवीस वर्षे झाली होती. वरून उलट उत्तर आले, आमच्याच भाषेत, आणि ते चांगलेच उद्धट होते.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचले, मला मान्य आहे, खाली सही करते.

(सही) नेस्टा पॅरी

साक्षीदार:
१. टेक्विन ओवेन, बसचालक
२. बेथन हम्फ्रीज, शाळेतील स्वयंपाकीण

आम्हां दोघांसमक्ष बाईंनी सर्व मजकूर मोठ्याने वाचला व मग सही केली. वाचताना त्या दोनदा थांबल्या, एकदा चहासाठी आणि एकदा कलम चारपाशी. तिथे चष्मा काढून पुसला तो चहाच्या वाफेमुळे, असे लिहा असे त्यांनी सांगितले, म्हणून तसे लिहिले. चहा केव्हाच गार झाला होता.

पोर्थ गेलिन, मंगळवार, १६ एप्रिल २०२४